नऊ मिनिटं

रेडिओवरचं मोठं बटण तुटलं,
राहिलं चौकोनी भोक.

उद्यमनगरात इलाही मुजावरांनी
डबा उलटासुलटा केला, मग विचारलं,
"ताई, झोपता कुठल्या कुशीवर?"
बघतच राहिले.
अठरा वर्षं केएमटीत तिकिटं फाडते,
असलं कुणी विचारलं नव्हतं.

"डाव्या."
"मग हात उजवा येणार. वरनं."

पितळेचा तुकडा लेथला लावला.
मधोमध खळगा, अंगठ्याएवढा.
शेजारचं कायमचं बंद करायचं बटण मात्र
कानशीनं घासून पार सपाट केलं.
"हे झोपेत सापडाय नको."
पैसे घेतले साठ, चहा पाजला वर.

पहाटे चार चाळीस.
सांगली केंद्र अजून उघडलेलं नसतं,
नुसती खरखर वाजते.
अंगठा आपसूक खळग्यात,
पितळ गार.
नऊ मिनिटं माझी.

पण पोरगी इचलकरंजीला नांदायला गेली
तेव्हापासनं मी उजवीकडं वळते,
तिच्या उशीकडं.
परवा हात भिंतीवर आपटला,
रेडिओ खरखरत राहिला पाठीमागं,
गंगावेशीची पहिली गाडी सात मिनिटं लेट.

मुजावरांना सांगावं का,
कूस बदलली म्हणून?