चाटू नकोस

नारिनचा जानेवारीतला वारा
माणसाला बटाट्यासारखं सोलतो.
आयझिरेक सहा वर्षांची.
तिच्या ओठांभोवती लाल कडं उमटलंय,
वर नाकाच्या बुडापर्यंत, खाली हनुवटीच्या खळीपर्यंत,
जिभेचा पल्ला जिथवर, तिथवर,
कंपास घेऊन काढावं तसं गोल.

शाळेत तिला विदूषक म्हणतात.
हे ती सांगत नाही.
शेजारचा बेक्तूर सांगतो, हसत हसत,
आणि माझं तोंड बघून मधेच थांबतो.

मी मिनीबस चालवतो. बंद पडली की मीच दुरुस्त करतो.
माझ्या बोटांना डिझेलचा वास, नखांत ग्रीस.
पहिल्या दिवशी मी तिचं तोंड साबणानं खसाखसा धुतलं,
बसची काच धुतो तसं.
ती रडली नाही,
नुसती दात आवळून श्वास आत ओढत राहिली.
तेवढ्यानं मला अक्कल आली.

दवाखान्यातल्या सलीमा नर्सनं सांगितलं:
साबण बंद. कोमट पाणी. पुसायचं नाही, टिपायचं.
कातडी ओलसर आहे तोवरच व्हॅसलीनचा थर द्या,
नानवर साय थापतो तसा, हात आखडू नका.
आणि चाटू देऊ नका.
हे शेवटचं ती सहज बोलून गेली,
नदीला वाहू देऊ नका म्हणावं, इतकं सहज.

शेजारणीनं मेंढीच्या शेपटीची चरबी दिली, चहाच्या वाटीत.
ती लावली, तर पोरीनं मिटक्या मारत सगळी साफ केली.
वर म्हणाली, मीठ हवं होतं.

चाटू नकोस.
चाटू नकोस गं.
दिवसातून किती वेळा म्हणालो, देव जाणे.
मग म्हणायचं सोडलं आणि नुसता बघत बसलो.
खेळताना ती चाटत नाही. जेवताना नाही.
कोळशाच्या शेगडीपाशी मांजराशी बोलताना नाही.
रात्री नऊला,
मोबाइल टेबलावर उताणा पडलेला असतो
आणि अजून वाजलेला नसतो,
तेव्हा.

मॉस्कोत तेव्हा सहा वाजतात.
नुरझात हॉटेलात भांडी घासते,
सहाला तिला दहा मिनिटं मिळतात.
मी मोबाइल असा धरायचो
की पोरीचे डोळे दिसतील, कपाळ दिसेल,
खालचं काही दिसणार नाही.
रेंज नाही, म्हणायचो.
तेरा दिवस म्हणालो.

चौदाव्या दिवशी तिनं मोबाइल माझ्या हातातून ओढला.
आई, बघ, मला मिशी आली. लाल!

पलीकडे नळ वाहत होता, तेवढाच आवाज.
मला वाटलं, आता माझी धडगत नाही.
नुरझात काही बोलली नाही.
तिनं आपले दोन्ही हात वर केले, पडद्याजवळ आणले.
पेरं फुटलेली, बोटांच्या बेचक्या सोललेल्या,
ते हात मी गेल्या उन्हाळ्यानंतर पाहिलेच नव्हते.
तीही मोबाइल असाच धरायची म्हणजे.

तूपण चाटतेस? पोरीनं विचारलं.
नाही गं, आई म्हणाली, मला पाणी चाटतं.

मग आयझिरेकनं डबी आणली.
नुरझातनं एप्रनच्या खिशातून कसलीशी ट्यूब काढली, चेपलेली.
आधी तू. नाही, आधी तू.
मी मोबाइल धरून उभा होतो,
या वेळी नीट, हनुवटीच्या उंचीवर,
हात भरून आला तरी.
दहाची चौदा मिनिटं झाली. तिकडे कुणीतरी ओरडलं.

कडं आता बाहेरून फिकं होत आलंय.
डाव्या कोपऱ्यात एक चीर आहे, ती हसली की उघडते.
परवा ती फार हसली.

रात्री मी टॉर्चवर रुमाल टाकून बघतो.
झोपेत जीभ हळूच बाहेर येते, वरचा ओठ चाचपते,
घरात कोण आहे बघायला यावी तशी.
मी काही म्हणत नाही.
करंगळीवर, त्या एकाच बोटाला ग्रीस लागू देत नाही मी हल्ली,
करंगळीवर थोडं व्हॅसलीन घेऊन
ती परत आत जाईपर्यंत थांबतो.