गळती

टिनोस बेटावर, वारा जिथे शेळ्यांनाही धड उभं राहू देत नाही,
तिथे आमच्या गावचं चॅपल आहे, जुळं.
दोन गाभारे, दोन वेद्या, मधे एक खांब,
वर छप्पर मात्र एकच.
डावीकडे मामाचे ऑर्थोडॉक्स, उजवीकडे बाबांचे कॅथलिक,
आणि गळायचं ते नेमकं खांबावर.

गळती कुणाची, हे ठरेना. तीन हिवाळे गेले.
शेवटी ऑगस्टातल्या एका सकाळी दोघेच वर चढले.
बाबा, नाझारेनोस, चुन्याची बादली घेऊन,
मामा, स्तामातीस, आईने दिलेली अंजिरं खिशात कोंबून.
मी खाली. बारा वर्षांची. शिडी धरून.

फरशी उचकटताना मामा म्हणाला,
"तुमच्या पोपचं सांग. तो चुकला तर?"
"त्या गादीवरून, साऱ्या चर्चसाठी शिकवण ठरवताना
तो चुकत नाही. देव चुकू देत नाही."
"आणि एरवी?"
"एरवी माणूस. माझ्यासारखा. पत्त्यांत हरत असेल."

मामा हसला तसा एक कपचा माझ्या पायाशी पडला.
"गाद्या आमच्याकडेही आहेत रे,
पण गादीचा कान धरणारेही आहेत.
बिशप परिषदेला गेले, सह्या केल्या, मोहोर उठवली,
आणि बंदरात उतरले तर लोक म्हणाले, हे आमचं नव्हे.
झालं. सह्या कागदावरच राहिल्या.
आणि ती आर्गिरो आठव, झाडू मारणारी, अक्षरशत्रू.
नव्या पाद्रीबाबाने एक ओळ गाळली
तर ती खोकली.
अशी खोकली की त्याला मागे वळून
ती ओळ उचलावी लागली."

बाबा बराच वेळ चुना कालवत राहिले.
मग म्हणाले,
"आर्गिरो गेली. आता कोण खोकतं?"

मामाचा हातोडा थांबला.

"विहिरीच्या हद्दीचं आठवतं?" बाबा म्हणाले,
"सगळं गाव शपथेवर सांगत होतं.
सगळ्यांना आठवत होतं, आणि प्रत्येकाला वेगळं.
कुणीतरी एकाने म्हणावं लागतं, पुरे. दगड इथे."
"आणि त्या एकाचं शेत हद्दीलाच असेल तर?"
यावर बाबांनी त्याच्याकडे फक्त थापी मागितली.

शेवटची फरशी बसवताना मतांगीकार म्हणायचा,
ही आमच्या गवंड्यांची रीत.
दोघांनी म्हटला, ग्रीकमध्ये, घाम पुसत.
"...पवित्र आत्म्यावर, जो पित्यापासून निघतो..."
इथे दोघांनी एकाच वेळी श्वास घेतला.
बाबांच्या लहानपणीच्या लॅटिनमध्ये
इथे आणखी एक शब्द यायचा, आणि पुत्रापासून.
त्या शब्दावरून दोन्ही बाजूंच्या किती पिढ्या तुटल्या.
ग्रीकमध्ये बाबांचे लोकही तो म्हणत नाहीत.
पण मिटलेले ओठ एकदा हलले.
मी खालून पाहिलं. मामाने तर जवळूनच.
त्याने खिशातून एक अंजीर काढलं,
पुसलं, पुढे केलं.

त्या हिवाळ्यात खांबावर गळलं नाही.
दीड हात डावीकडे गळलं.
मामा म्हणाला, पाणी उजवीकडूनच येतंय.

आता तेही नाहीत, बाबाही नाहीत. झाडू माझ्याकडे आहे.
दोन्ही बाजू झाडते, कचरा एकाच पाटीत भरते.
परवा नवा पाद्री वाचता वाचता एक ओळ ओलांडून गेला.
माझ्या घशात काहीतरी आलं.
कोणत्या बाजूला उभी आहे हे न बघताच
खोकले.

तो थांबला, पानं उलटू लागला.
आणि मला घाम फुटला,
ओळ होती ना तिथे?