मिनिटाला बत्तीस

मोहाडीच्या देशमान्यांनी दिलेली कांडी,
ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, बोटाएवढी.
"लागली तर लागली, सिस्टर," म्हणाले.
त्यांच्या आईला मी तीन आठवडे इंजेक्शनं दिली होती.

लागली.
चौथ्या वर्षी शरणपूरच्या आमच्या मोरीमागून
ती पत्र्यावर चढली, पत्र्यावरून डिशच्या छत्रीवर,
आणि टीव्हीत मुंग्या आल्या.

ऑक्टोबरात छाटायची, तेही त्यांनीच सांगितलेलं:
डोळे मोजून ठेवा, हात आखडू नका.
आखडलाच. एवढी हिरवी काडी!
त्या साली पानंच पानं, घड अकरा,
त्यातले चार बुलबुलांचे.

यंदा मात्र परातीत साडेनऊ किलो.
शांतवननं बाह्या सरसावून चिरडले,
कोपरापर्यंत जांभळा, ऑपरेशनवरून आल्यासारखा.
पाव किलो साखर, चिमूटभर यीस्ट,
आत्याची लोणच्याची काचेची बरणी,
झाकणाला भोक, भोकात सलाइनची नळी,
नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात.

दुसऱ्या दिवशी बोलायला लागली.
बुडुक. बुडुक.
सिव्हिलला चौतीस वर्षं काढलेली बाई मी,
रात्री तीनला जाग येतेच.
दिवा न लावता ओट्याशी उभी राहते,
मनगट खिडकीच्या उजेडाकडे धरते
आणि मोजते.
मिनिटाला बत्तीस.
कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या खाड्यांखाली.
पुढे चोवीस. अकरा.
फेब्रुवारीतही एका रात्री थंडी फिरून आली
तेव्हा चार.
माझी शाल बरणीला गुंडाळली,
तर शांतवन उशीवरूनच म्हणाला,
"पेशंट कसा आहे?"

काल पहाटे पेला गप्प.
पाच मिनिटं उभी राहिले. मग आणखी पाच.
हात आपसूक बरणीच्या मानेशी गेला,
दोन बोटं काचेवर.
किती वेळा अशी उभी राहिलेय,
घड्याळ बघून वेळ लिहिलीय,
पदर सारखा करून
बाहेर बाकावर बसलेल्यांकडे गेलेय.

वेळ लिहिली: तीन दहा.
बाहेर कोणी बसलेलं नव्हतं.
गाळ तळाशी गेलेला, त्याच्या वरचा रंग
रस्त्यावरच्या दिव्याला आरपार येऊ देत होता.

शांतवनला उठवलं. स्टीलच्या वाटीत दोन घोट.
"आंबट आहे," तो म्हणाला.
"आहे."
वाटी पुन्हा पुढे केली त्यानं.