दुसरीची रिंग

कुर्ल्याला, भंगारगल्लीच्या पार आत,
अंतोनमामा गिअरबॉक्स उघडतो तेव्हा
आधी वास घेतो.
जळकट तेल. "हं," एवढंच.

विकणारा सांगतोय, एकाच मालकाची, डॉक्टरची गाडी,
मख्खन चालायची.
मामा पितळी रिंगा रॉकेलच्या थाळीत सोडतो,
एकेक पुसून पेपरावर मांडतो.

दुसरीची रिंग गिअरवर दाबून फिरवली.
धरायला हवी. धरली नाही.
पुन्हा दाबली, तर घसरली,
साबण लावलेल्या हातावरून बांगडी उतरते तशी.
आतले आटे बोटाला लागतच नव्हते,
दातांची टोकं गोल,
फटीत पातळातली पातळ पत्तीही जाईना.
"किती सिग्नल खाल्लेत हिनं," मामा म्हणाला.
सायन, चुनाभट्टी, पुन्हा सायन.

पाचवीची मात्र कोरी.
नख ओढलं तर करकरली.
अठरा वर्षांत गाडी
खोपोलीच्या पुढं गेली नसावी.

आणि रिव्हर्सची रिंग?
मी नवा होतो, विचारलं.
"त्याला नसतेच, पोरा.
मागं जायचं तर आधी पूर्ण थांबायचं.
ती थाळी सरकव इकडं."

विकणारा साडेसहावर अडलेला.
मामानं गिअर नि रिंग त्याच्याच हातात दिली,
म्हणाला, धरून दाखव.
पाच हजारांत डबा टेम्पोत चढला.

रात्री जेवताना
बोटांना पितळेचा वास येत होता,
आणि त्या डॉक्टरला कधी पाहिलेलं नसताना
त्याचा डावा हात
माझ्या ओळखीचा झाला होता.