करंजी फाट्यावर उतरलेली गाडी

पाटा तुटला म्हणून कंटेनर थांबला
बाबांच्या गॅरेजसमोर, मार्चातल्या भर दुपारी,
आणि वजन कमी करायला सेल्वमने
फळ्या लावून तिला खाली उतरवलं.

पोरं आधी हसली.
एवढीशी! आमचा बोकड उंच हिच्यापेक्षा.
दार नाही, काच नाही, दिवे नाहीत,
लिंबू-मिरची टांगायलासुद्धा जागा नाही.
बाबांनी पोटाखाली हात घातला, तीन बोटं गेली.
"आमच्या पांदनीत हे घासून घासूनच मरन."

टायरपाशी मात्र ते थबकले.
गुळगुळीत. नक्षीची एक रेघ नाही.
असा टायर घेऊन कोणी आलं की बाबा झापतात,
"पोराबाळाईले मारतं का बे?"
सेल्वम तमिळ वळणाच्या हिंदीत सांगत होता,
नवा आहे, असाच असतो,
तापला की डांबराला गोचिडासारखा चिकटतो
आणि एका शर्यतीत संपतो.

एका शर्यतीत.
बाबांनी वळून आमच्या जीपकडे पाहिलं.
तिच्या टायरांना तिसऱ्यांदा रबर चढवलं होतं.

आमची कमांडर. पासिंग नऊचं, बसतात सतरा,
बोनेटवरचे वेगळे.
सरकीची पोती, कोंबड्या, एकदा नवरी आणि तिचं शिलाई मशीन.
वणीच्या दवाखान्यात नेताना कलावतीकाकू
मारेगावच्या अलीकडेच मोकळ्या झाल्या,
त्या पोराला अजून सगळे कमांडरच म्हणतात.
हँडब्रेक म्हणजे एक दगड.
तो चाकाला मी लावते.

"बैठो चाचा."
बाबांनी चपला काढल्या.
कमरेपर्यंत गेले, मग अडकले.
ती सीट कुणा एकाच्याच अंगाच्या मापाने ओतलेली.
तरी स्टिअरिंग धरलं, आणि तळवा
सवयीने मधोमध दाबला गेला.
काही वाजलं नाही.

"हॉर्न?"
"नहीं है, चाचा."
"मंग समोरच्याले सांगता कसं?"
समोर कोणी नसतंच, सेल्वम म्हणाला,
रस्ता आमचाच, गोल,
निघालो तिथेच परत येतो.
"म्हशी?"
मान हलली, नाही.
"शाळंची पोरं?"
नाही.

बाबा तसेच बसून राहिले,
हात स्टिअरिंगवर, नजर समोर,
जिथे खरं तर गुणवंताची रसवंती होती
आणि तिच्या सावलीत दोन कुत्री.

अंधार पडता पडता पाटा बसला, कंटेनर गेला.
जेवताना बाबा एवढंच बोलले,
"एकाच शर्यतीत, बाप्पा."

दुसऱ्या दिवशी पहाटे जीप रिकामी होती,
फक्त ते आणि मी.
नाल्याजवळच्या वळणाला
त्यांचा हात हॉर्नकडे गेला
आणि टेकलाच नाही.
सगळं वळण आम्ही न वाजवता घेतलं,
दार खडखडत,
दगड माझ्या पायाशी इकडून तिकडे घरंगळत.