तीन वाजून दहा मिनिटं

ओउलूच्या इस्पितळाच्या तळघरात
दोन पडदे, एक फोन
आणि इर्मेलीची निवलेली कॉफी.
बाहेर नोव्हेंबर. उजाडायला अजून सहा तास.

फोन वाजतो. चौथ्या वॉर्डातली सिस्टर सात्तू.
रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायच्या पट्ट्या छापणारा
प्रिंटर पुन्हा गप्प.
'पुन्हा' ती जरा जोरात म्हणते.

मी इथे नवा. बोटांना येतं तेवढं करतो:
बंद कर, दहा मोज, चालू कर.
प्रिंटर खाकरतो, पट्टी बाहेर येते.
तिकिटावर लिहितो: सुटलं.
करारात चार तास होते, मला लागली बारा मिनिटं.
फलकावरचा दिवा हिरवा.
वाटतं, आता इर्मेली शाबास म्हणेल.

ती म्हणते, सुटलं की थांबलं?

आणि मागची तिकिटं पडद्यावर ओढते.
एकतीस मंगळवार.
एकतीस वेळा कुणीतरी दहापर्यंत मोजलं,
एकतीस हिरवे दिवे,
आणि वर सात्तू
बारा बारा मिनिटं पेनानं नावं लिहीत,
लेहतोनेन की लेहतिनेन,
एका अक्षराच्या फरकानं
कुणाचं रक्त कुणाच्या नावावर.

घटना वेगळी, समस्या वेगळी, इर्मेली सांगते,
बिस्किट कॉफीत बुडवत.
घटना दारावर थापा मारते,
तिला आधी आत घ्यायचं, विचारपूस नंतर.
समस्या थापा मारत नाही.
ती मंगळवारची वाट बघते.

रोग म्हशीला, औषध पखालीला.
आम्ही एकतीस वेळा पखालीलाच पाजत होतो.

मग नकाशा उघडला.
कुठलं यंत्र कुणाच्या जिवावर चालतं
त्याची वही म्हणतात ती.
प्रिंटरपासून निघालेली रेघ
दुसऱ्या मजल्याच्या भिंतीपाशी नुसती संपलेली.
वही संपली म्हणून तार संपत नाही.
तारेमागे गेलो:
जिन्याखालची खोली, कुणाच्या तरी स्की, एक मोडका स्टूल,
आणि त्यावर घुमणारा एक डबा, धुळीनं मऊ झालेला.
वर चिकटपट्टी:
'हात लावू नये. वेइक्को.'

वेइक्कोला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
सकाळी फोन केला तेव्हा तो सरपण फोडत होता.
अरे, ते अजून चालू आहे?
आठवड्याचं माझवायचं काम लावलं होतं त्याला,
जुन्या नोंदी कॉपी करायचं.
दोन महिन्यांपुरतं, म्हणाला,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मी तेव्हाच प्लग उपटला असता.

पण गुरुवारी बदलांची बैठक असते.
सात माणसं, दालचिनीचे पाव,
माझ्या अर्जात एकच ओळ: डबा काढणे.
तुओमासनं चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
आणि चुकलं तर? परत कुठून यायचं?
कान तापले माझे.
अर्ज घेऊन तळघरात आलो आणि अकरा ओळी लिहिल्या:
कुठली तार, कुणाच्या हातात,
किती मिनिटं थांबायचं, कधी हार मानायची,
वॉर्डाला आधी कोण सांगणार.
शेवटी वेइक्कोचा नंबर.
पुढच्या गुरुवारी पाव संपायच्या आत मंजुरी.

मंगळवार.
तीन दहा. फोन गप्प.
तीन अकरा. इर्मेली शब्दकोडं सोडवतेय,
दहा मिनिटं त्याच चौकटीवर पेन.
तीन वीसला वाजला.
सात्तू. पासवर्ड विसरलेय, म्हणाली.
प्रिंटरचा शब्दही नाही.
आज पट्ट्या निघाल्या
हे तिच्या ध्यानातही आलेलं नाही.

इर्मेलीनं खूण केली, सांगू नकोस.

पुढच्या नव्या माणसासाठी टीप लिहिली:
दहा मोजण्याआधी वार बघ.
तिच्याखाली वेइक्कोची चिकटपट्टी डकवली.

मग सात्तूला नवा पासवर्ड दिला.
तिकीट बंद करायला बोट नेलं
आणि उगाच मागे सरकवून पाहिलं:

चौथा वॉर्ड. पासवर्ड.
या महिन्यात नऊ वेळा.
सगळ्या रात्रपाळ्या.

तिकीट उघडंच ठेवलं.
इर्मेलीनं न विचारता
माझ्या कपात कॉफी ओतली.