रक्तगट : गोळीबार चौक

पहिली चूक स्वल्पविरामाची होती.
'मारुतीच्या देवळाजवळ, गोळीबार चौक'
पत्त्यातल्या त्या एका शेपटीच्या टिंबानं
पुढचे सगळे रकाने एक घर सरकले
आणि वासुदेव हेडाऊ यांचा रक्तगट झाला
गोळीबार चौक.
फोनच्या जागी बी निगेटिव्ह.

मी हसले. धकाते काका हसले नाहीत.
धंतोलीतल्या या पेढीत सत्त्याण्णव सालापासून
त्यांनी एकच फाईल सांभाळली होती,
माणूस आला की एक ओळ,
पुन्हा आला की पुन्हा नाव, पुन्हा पत्ता, पुन्हा गट.
"कोणत्याबी डब्ब्यात उघडते पोरी, नोटपॅडात दिसते.
तुह्या सर्व्हरले काही झालं त काय करशीन?"

बाहेर शेहेचाळीस. कूलरमध्ये पाणी ओतत
मी माणसं वेगळी केली, रक्तदानं वेगळी.
इकडे दाता, एकदाच.
तिकडे तारखा, वजनं, पिशव्यांचे नंबर,
आणि प्रत्येक तारखेपाशी दात्याचा फक्त आकडा.
परकी किल्ली म्हणतात तिला,
गावाला जाताना शेजारी ठेवतो तशी.
काका चष्मा पुसत म्हणाले,
"सरळ चाललेल्या माणसाचे तुकडे कायले केले?"

वासुदेव, वासूदेव, वासुदेवराव,
व्ही. हेडाऊ, आणि एकदा नुसतेच हेडाउजी.
फाईलीच्या लेखी हे पाच जण.
कुणी सहा वेळा आलेला, कुणी चार, कुणी अकरा.
पंचवीस वेळा देणाऱ्याला पेढी शाल देते.
त्यांना कधी दिली नाही,
कारण त्या पाचांपैकी कुणीच पंचवीसपर्यंत पोचला नव्हता.

मी पाचांचे एक केले.
एका ओळीची विचारणा, क्षणभर काही नाही,
मग पडद्यावर : सत्तावीस.
काकांनी खुर्ची ओढली. बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसले.
"शाल आणतो," म्हणाले, आणि उन्हात इतवारीला गेले.

फोन लागला नाही.
माझ्याकडे पत्ता एकच, सगळ्यात अलीकडचा, नंदनवनचा :
नवा आला की मी जुन्यावर लिहिला होता, तसंच शिकवलं होतं.
नंदनवनात दुसरेच भाडेकरू.
मग काकांनी जुनी फाईल उघडली
आणि बोट लावून खाली खाली वाचत गेले :
गोळीबार चौक. गोळीबार चौक. गोळीबार चौक.
तांडापेठ, भावाच्या घरी. तांडापेठ.
नंदनवन. नंदनवन.
त्यांनी कधी पुसलं नव्हतं, म्हणून सगळं होतं.
"भावाकडं पाहू," म्हणाले.

तांडापेठेत हातमागाच्या रिकाम्या खड्ड्यावर फळी टाकलेली,
त्या फळीवर फोटो. दिवाळीनंतर गेले.
भावानं शालीची घडी मोडली नाही,
उजव्या हातानं घेतली, डाव्यानं पाणी पुढं केलं.

परत येऊन मी त्यांची ओळ पुसायला घेतली,
दर तीन महिन्यांनी 'आपण रक्तदानास पात्र आहात'
असा मेसेज त्या बंद नंबरला जाऊ नये, एवढ्यासाठीच.
यंत्रानं नकार दिला :
या नोंदीवर सत्तावीस नोंदी अवलंबून आहेत.
मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, लाल अक्षरांत.
"पाह्य," काका मागून म्हणाले,
"माह्या फाईलीत कोणी अडवलं नसतं."
कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

मेसेज थांबवायला मी एक रकाना वाढवला,
आणि पत्त्यांचं तिसरं टेबल केलं : पासून, पर्यंत.
नंदनवनच्या 'पर्यंत'ला तारीख टाकली.
तांडापेठेच्या दुसऱ्या खेपेला काय टाकायचं,
ते ठरेना, म्हणून तो रकाना रिकामा आहे.

संध्याकाळी लाइट गेली. माझा सर्व्हर बसला.
काकांच्या जुन्या लॅपटॉपला तासभराची बॅटरी होती.
त्यांनी फाईल उघडली, तळाशी गेले,
एका बोटानं टाइप केलं :
वासुदेव हेडाऊ, तांडापेठ, बी निगेटिव्ह,
आणि तारीख, वजन, पिशवी
यांच्या जागी काहीच न लिहिता
, , ,